सळई पुसून झाल्यावर

गाडी बंद पडली ती नेमकी भर चौकात, सिग्नल हिरवा झाला तेव्हा. आधी मागून निळसर धूर निघाला, मग इंजिन खोकलं, दोन आचके देऊन गप्प झालं. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा असा कल्लोळ मांडला की जणू मास्तरीणबाईंनी मुद्दामच रस्ता अडवून धरला होता. बाई स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या, जसं काही सोडलं तर तेही बंद पडेल. शेजारी मास्तर मांडीवर टोपी ठेवून शांत बसले होते.

"निळा धूर," मास्तर म्हणाले. "इंजिनात ऑइल जास्त झालंय. मागे त्या शोरूमवाल्यांनी बदललं ना? जुनं पुरतं सोडलंच नाही आणि वरून नवं ओतलं. दुसरं काही नाही."

"अहो, बॉनेट उघडून बघता का?"

"आत्ता? गरम इंजिनात माप घेतात होय? इतकी वर्षं माझ्या घरात राहून हेच शिकलीस?"

बाईंना हसू आलं. चौकात गाडी बंद, मागे शिव्या, आणि ही बाई हसतेय. बघणाऱ्याला वेडच वाटलं असतं. पण तिचं हसू तिलाच ठाऊक होतं. देव कधी कधी संकटाच्या पुडीत बांधून प्रसाद पाठवतो, तसं तिला झालं होतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शाळा बंद करून काळ लोटला, तरी गावात स्टिअरिंगला हात लावणारी निम्मी माणसं त्यांच्या शिव्या खाऊन तयार झालेली. त्यांची शिकवायची रीत ठरलेली होती. नवा विद्यार्थी आला की किल्ली मिळायची नाही, फडकं मिळायचं. रोज सकाळी थंड इंजिन, बॉनेट वर. ऑइल मापायची सळई ओढा, पुसा, परत आत बुडवा, परत ओढा, मग वाचा. "पहिली ओढ पुसण्यासाठी, दुसरी वाचण्यासाठी," असं सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. ज्याला कंटाळा आला त्याला मास्तर म्हणायचे, "तू बैलगाडी घे, बैलाला सळई नसते."

ह्याच मास्तरांनी अलीकडे एकदा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. एकदा स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बाईंना विचारलं होतं, "आपण इकडे कुठं निघालोय?" तेव्हापासून बाईंनी काही न बोलता गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली सगळ्यात भित्री विद्यार्थिनी तीच, आणि आता तीच त्यांना फिरवत होती. लेक परगावी. ती फोनवर रोज एकच पालुपद लावायची, "आई, बाबांना डॉक्टरकडे ने." आणि बाई रोज एकच उत्तर द्यायच्या, "वय झालं की विसरतंच माणूस. तू नाही का कॉलेजात छत्र्या विसरत होतीस?"

पण मनात भीतीनं घर केलं होतं. आणि आज त्या धुरात, भोंग्यांच्या गदारोळात, मास्तरांनी एका नजरेत दुखणं ओळखलं होतं. पूर्वीसारखं. जर मास्तर बरोबर असतील, चूक शोरूमची असेल, तर मग डोकं शाबूत आहे. बाईंच्या मनानं तिथल्या तिथं हा हिशेब मांडला आणि देवाला हात जोडले. देवा, चूक शोरूमचीच निघू दे रे.

गाडी ओढून त्याच शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. काचेच्या भिंती, चकचकीत फरशी, कुंडीत कापडाचं झाड. मॅनेजर उठून धावतच बाहेर आला. तोही मास्तरांचाच विद्यार्थी. वाकून नमस्कार करायला गेला तर मास्तर म्हणाले, "पाया नंतर पड, आधी ऑइल सोड. माझ्या देखत."

आतल्या शेडमध्ये गाडी वर उचलली. खाली मिस्त्री उभा राहिला. पिकलेल्या मिशांचा, बुटका, शांत माणूस. पान्याचा आणि त्याचा जन्म बरोबरच झाला असावा असा हात. त्यानं नट काढला आणि ऑइल पडू लागलं. पडतच राहिलं. भांडं भरलं, दुसरं लावलं, तेही भरत आलं.

"मोज!" मास्तर गरजले. "डबल आहे की नाही?"

"डबलच्याही वर आहे मास्तर," मिस्त्री पुटपुटला.

"बाळा, तुझ्या इथं जुनं सोडायची पद्धत आहे का नाही? का नुसतं वरून अभिषेक?"

शेडमधले सगळे हसले. मॅनेजरही हसला, पण भांड्याकडे बघताना त्याचं हसू जरा अर्ध्यावर थांबलं. बाईंनी ते बघितलं, पण कशाला लक्ष द्यायचं? त्या मास्तरांकडे बघत होत्या. ताठ मान, कमरेवर हात, आवाजात तीच धार. कितीतरी दिवसांनी त्यांचा नवरा त्यांना सबंध दिसला होता.

मिस्त्रीला विचारलं तेव्हा तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मी सोडलं होतं असं वाटतंय साहेब. पण मध्येच घरून फोन आला होता. बायकोचा. बोलता बोलता... आता शपथेवर कसं सांगू? मास्तर म्हणतायत म्हणजे झालं असेल माझ्याच हातून. मास्तरांचं चुकत नाही."

चुकत नाही. बाईंनी ते शब्द पदरात बांधून घरी नेले. लेकीला फोन लावला. "ऐकलंस का, तुझ्या बाबांनी बसल्या जागी शोरूमची चूक पकडली. अख्खी शेड तोंडात बोट घालून बघत होती. आणि म्हणे डॉक्टर! डॉक्टरचीच गाडी आणा म्हणावं, तीही दुरुस्त करून देतील."

लेक म्हणाली, "खरंच आई? बरं झालं गं." आणि पलीकडे ती रडली असावी, कारण नाक ओढल्याचा आवाज आला.

इंजिन खोलायचं होतं, म्हणून तोवर वापरायला मॅनेजरनं शोरूमची एक पांढरी गाडी दिली. मास्तरांनी ती गाडी घराखालच्या शेडमध्ये उभी करून घेतली, चारही बाजूंनी बघितली आणि "ठीक आहे, पोरकी गाडी आहे, सांभाळू" म्हणाले.

काही दिवसांनी बाई गाडीचं काय झालं ते विचारायला एकट्याच गेल्या. मॅनेजर फोनवर होता, म्हणून त्या मागच्या अंगणात आल्या, तर तिथं मिस्त्री पाण्याचा पाइप धरून गाड्या धूत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय साबणात.

"अहो मिस्त्री, तुम्ही हे काय करताय?"

"इंजिनाचं काम काढून घेतलंय काकू. वरून आदेश आलाय." मग घाईनं म्हणाला, "बरोबरच आहे त्यांचं. चूक ती चूक."

"पण इतक्या वर्षांच्या माणसाला..."

"मला पण आता भीतीच वाटते," मिस्त्री म्हणाला. पाणी एकाच चाकावर पडत होतं, त्याचं लक्ष नव्हतं. "रोज आठवून बघतो. नट काढला होता का, लावला होता का? कधी वाटतं काढला होता, डोळ्यांसमोर दिसतो. कधी वाटतं हे परवाचं दुसऱ्या गाडीचं दिसतंय. आमचे वडील असेच होते काकू. आधी दाराची कडी विसरले, मग आम्हाला. आता वाटतं माझीपण वेळ आली. बायकोला सांगितलं नाही अजून. गॅस बंद केलाय का ते तीनदा बघतो."

"असं काही नसतं हो," एवढंच त्या म्हणाल्या. आणि हेच वाक्य आपण घरी किती वेळा म्हणतो ते त्यांना आठवलं. आपल्या घरातली भीती उचलून आपण त्या माणसाच्या उंबऱ्यावर ठेवून आलो, असं त्यांना रस्ताभर वाटत राहिलं. पण चूक त्याचीच होती ना? मग?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवत होत्या. खिडकीतून खालची शेड दिसायची. मास्तर खाली गेले होते. पांढऱ्या गाडीचं बॉनेट वर होतं आणि मास्तर बाह्या सरसावून वाकले होते. किती छान वाटलं बाईंना! जुनी सकाळ परत आल्यासारखी. त्या हातातला चमचा तसाच धरून बघत राहिल्या.

मास्तरांनी सळई ओढली. खांद्यावरचं फडकं काढून नीट पुसली, वरून खालपर्यंत, लहान मुलाचं नाक पुसावं तशी. आणि मग ती तशीच डोळ्यांसमोर धरून वाचू लागले.

पुसलेली, लख्ख, कोरडी सळई.

मान हलवली. "च्च," असा आवाज वरपर्यंत आला. सळई आत खोचली. कोपऱ्यातल्या फळीकडे गेले, जुन्या टायरांच्या मागून ऑइलचा एक डबा काढला, नरसाळं लावलं.

चहाचं पाणी उतू गेलं. बाई अनवाणी जिना उतरल्या. कशा उतरल्या, त्यांनाही कळलं नाही. शेडच्या दारात पोचल्या तेव्हा मास्तर डब्याचं झाकण फिरवून उघडत होते. टायरांच्या मागे रिकामे डबे ओळीनं उभे होते, शाळेतल्या मुलांसारखे, झाकणं घट्ट लावलेले. मास्तरांना पसारा कधीच खपायचा नाही.

"बघ," मास्तर म्हणाले, "यांच्या स्वतःच्या गाडीत पण ऑइल नाही! थेंब नाही सळईला. आपल्या गाडीचंही असंच असायचं. रोज घालावं लागायचं. कसले लोक आहेत, लाज नाही."

बाईंनी भिंतीला हात टेकला. आवाज जमेल तितका साधा ठेवून त्या म्हणाल्या, "परत एकदा बुडवून बघा ना."

"परत कशाला?"

"पहिली ओढ पुसण्यासाठी," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. उरलेलं अर्धं मास्तर पुरं करतील म्हणून थांबल्या. सगळ्या वर्गाचे आवाज त्यांच्या कानात होते. देवा, म्हणू दे त्यांना. एवढं एकच म्हणू दे.

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर सौम्य, परक्या माणसाला दाखवतात तसं हसू आलं.

"हे कुठलं नवीन काढलंस?"

बाईंनी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. "मी ओतते. तुम्ही वर जा, चहा घ्या." मास्तर निमूटपणे गेले. बाई त्या डब्यावरच खाली बसल्या. रडू आलं नाही. रडू येण्याआधी जी कोरड पडते तेवढीच पडली. आपण देवाकडे मागितलं काय, तर दुसऱ्या कुणाची तरी चूक! आणि त्यानं ती दिलीही होती, काही दिवस वापरायला.

कुणी म्हणेल, गप्प बसली असती तर? मास्तरांचं नाव राहिलं असतं, लेक सुखात राहिली असती. बाईंनीही तसं म्हणून बघितलं. दुपारपर्यंत म्हणून बघितलं. पण डोळे मिटले की साबणाच्या पाण्यात उभे असलेले दोन पाय दिसायचे. शेवटी शेजारच्या वहिनींना "जरा यांच्याजवळ बसा" सांगून त्या निघाल्या.

मॅनेजरच्या काचेच्या खोलीत बाईंनी दारही न लावता सगळं सांगितलं. मॅनेजरनं उठून दार लावलं. आणि तो चकित झाला नाही, हेच बाईंना जास्त लागलं.

"तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

तो टेबलावरचं पेन सरळ करत राहिला. "निघालेलं ऑइल स्वच्छ होतं काकू. जुनं राहिलं असतं तर काळं आलं असतं. मला तेव्हाच शंका आली. पण मास्तरांना कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांनी मला गाडी शिकवली, फी घेतली नाही, माझ्याकडे नव्हती तेव्हा. मी म्हटलं, आमची चूक म्हणू. गाडी नीट करून देऊ. विषय संपला."

"आणि मिस्त्री?"

"त्याचं मी बघतो हळूहळू."

"तो गॅस तीनदा बघतो हो रोज," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तुम्ही माझ्या नवऱ्याचा मान राखलात, देव तुमचं भलं करो. पण त्याची किंमत कुणाच्या डोक्यातून काढलीत? बोलवा त्याला."

मिस्त्री ओल्या पायांनी आला, फरशीवर ठसे उमटतील म्हणून दारातच थांबला. बाईंनी त्याला आत ओढलं आणि जे बघितलं ते सगळं सांगितलं. सळई, फडकं, डबे. तो ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल अशी बाईंना आशा होती. तो खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, "मास्तर? मास्तर दुसरी ओढ विसरले?" आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हाताआडूनच म्हणाला, "माझ्याच हातून झालं असतं तर बरं होतं काकू."

मॅनेजरनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

ठरलं ते असं, की मिस्त्री उद्यापासून इंजिनावर. सगळ्या शेडला कारण सांगायचं, खरं. बाईंनीच तसा हट्ट धरला. "अर्धवट सांगितलं की माणसं उरलेलं आपल्या मनानं भरतात. मग मिस्त्रीवरचा डाग जायचा नाही." पांढरी गाडी न्यायला ते माणूस पाठवणार होते. मिस्त्री फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "मास्तरांना रागावू नका." बाईंना वाटलं, ह्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं.

घरी आल्या तेव्हा मास्तर गॅलरीत बसले होते. वहिनी गेल्यावर बाईंनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली आणि सांगितलं. शोरूमला जे सांगितलं ते घरच्या माणसापासून कसं लपवायचं? हेच गावभर होणार, आणि ते परक्याच्या तोंडून त्यांच्या कानावर यावं? म्हणून सांगितलं. हळूहळू, हात हातात घेऊन.

आणि मास्तरांना कळलं. सगळं कळलं, हेच तर भयंकर. त्यांच्या डोळ्यांत ते एकेक पायरी उतरत गेलेलं बाईंनी बघितलं. ओठ हलले. "दुसरी ओढ वाचण्यासाठी," ते स्वतःशीच म्हणाले. मग लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, टोपी तोंडाला लावून. "त्या मिस्त्रीला मी सगळ्यांसमोर बोललो. अभिषेक म्हणालो. मला ने त्याच्याकडे. मला त्याची माफी मागायची आहे, आजच."

"उद्या नेते. नक्की नेते."

"आणि मला डॉक्टरकडे पण ने," मास्तर म्हणाले. "भीती वाटते गं मला. कधीची वाटते."

बाईंनी त्यांचं डोकं छातीशी धरलं. त्या दुःखातही त्यांना वाटलं, आता निदान दोघं एका बाजूला आहोत. आता जे येईल ते दोघं मिळून सोसू. त्या उठल्या, तोंड धुतलं, चहा केला, मास्तरांचा कप गॅलरीत आणून दिला.

मास्तरांनी कप घेतला, फुंकर मारली. संध्याकाळचं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं, डोळे अजून लाल. ते प्रसन्नपणे म्हणाले, "काय गं, गेली होतीस ना शोरूमला? कबूल केली का त्यांनी चूक?"



सांगावं? परत सगळं, पहिल्यापासून? परत तो चेहरा पायरीपायरीनं उतरताना बघायचा, परत ते हुंदके, ती भीती? आणि तासाभरानं परत? रोज? असं कितीदा मारायचं एखाद्या माणसाला, खऱ्याच्या नावानं?

"हो," बाई म्हणाल्या. "केली कबूल."

"हं. मला माहीतच होतं." मास्तरांनी समाधानानं चहाचा घोट घेतला. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण त्या मिस्त्रीला फार बोलू नका म्हणावं. गरीब माणूस आहे. होतं एखाद्याच्या हातून. माफ करून टाका म्हणावं."

"सांगते," बाई म्हणाल्या.

खाली शोरूमचा माणूस पांढरी गाडी न्यायला आला होता. मास्तर कठड्याशी जाऊन वाकले आणि मोठ्यानं ओरडले, "ए, ऑइल बघून ने रे!"